जुना हॉट टब घरी आणल्यावर: पाण्याची निगा कशी राखावी

मुळशी, पानशेत किंवा लोणावळ्याच्या बाजूचे एखादे फार्महाऊस विकले जाते, तेव्हा नव्या मालकाला नको असलेल्या वस्तूंत हॉट टब बहुतेक वेळा असतोच. दोन-तीन वर्षे झाकणाखाली पडून राहिलेला असा टब पुण्यातल्या एखाद्या बंगल्याच्या अंगणात किंवा रो-हाऊसच्या मागच्या बाजूला येऊन बसतो आणि मग घेणाऱ्याच्या लक्षात येते की टब मिळाला खरा, पण त्यातल्या पाण्याचे काय करायचे हे सांगणारे कोणी नाही. माहितीपुस्तिका हरवलेली असते. ती सापडली तरी नव्या टबासाठी लिहिलेली असते आणि टबाच्या नळ्या आतून कोऱ्या आहेत असे तिने गृहीत धरलेले असते. वापरलेल्या टबाच्या बाबतीत नेमके हेच खरे नसते.

हा धडा मी अक्षरशः अंगावर घेतला. ज्यांच्याकडून टब घेतला त्यांनी ‘पाणी भरा आणि बसा, वेगळे काही करावे लागत नाही’ असे सांगितले होते. मी टब आतून घासूनपुसून लख्ख केला, पाणी भरले, चिमूटभर क्लोरीन टाकले आणि त्याच संध्याकाळी तासभर बसलो. पाणी अगदी नितळ होते. तिसऱ्या दिवशी कमरेखाली, जिथे पोहण्याची चड्डी अंगाला घट्ट बसते तिथे, लाल आणि खाजरे पुरळ उठले. त्वचारोगतज्ज्ञांनी ते पाहिले आणि पहिलाच प्रश्न विचारला, “गरम पाण्याच्या टबात बसला होतात का?” अशा पुरळाला कारणीभूत ठरणारा जिवाणू स्यूडोमोनास एरुजिनोसा हा आहे. कोमट पाणी आणि अपुरे क्लोरीन मिळाले की तो झपाट्याने वाढतो. मी चकचकीत केला होता तो टबाचा दिसणारा भाग होता, आणि जिवाणू होता नळ्यांमध्ये.

नळ्यांत नेमके काय असते

टब रिकामा केला म्हणजे तो कोरडा होत नाही. जेटकडे, म्हणजे पाण्याचा जोरदार झोत सोडणाऱ्या तोंडांकडे, जाणाऱ्या नळ्या, पंपाचे पोट आणि हीटरची नळी यांच्या खोलगट भागांत काही लिटर पाणी उरतेच. त्या अंधाऱ्या, ओलसर जागेत जिवाणू स्वतःभोवती एक बुळबुळीत थर तयार करतात आणि नळीच्या भिंतीला चिकटून राहतात. पाण्यात मिसळलेले क्लोरीन या थराच्या वरच्या पापुद्र्यावरच खर्च होते आणि आतले जिवाणू जिवंत राहतात. लिजिओनेला हा न्यूमोनियासारखा गंभीर आजार करणारा जिवाणूही अशाच थरांत आश्रय घेतो. १९७६ साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे माजी सैनिकांच्या मेळाव्यानंतर पसरलेल्या आजारातून तो प्रथम ओळखला गेला आणि त्याला नावही त्या सैनिकांच्या ‘अमेरिकन लीजन’ या संघटनेवरून मिळाले. साधारण २५ ते ४५ अंश सेल्सिअसचे पाणी त्याला मानवते आणि हॉट टबाचे पाणी ३७ ते ४० अंशांवर असते. शिवाय जेटमुळे उडणारे बारीक तुषार श्वासातून सरळ छातीत जातात. म्हणून पुढची पायरी कंटाळवाणी असली तरी ती वगळू नये.

पहिली पायरी: पहिले पाणी फेकण्यासाठीच भरावे

टब जागेवर बसवल्यावर त्याला वेगळा एमसीबी, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) आणि योग्य अर्थिंग आहे ना, हे परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे. टब अमेरिकेतून आलेला असेल तर तो ६० हर्ट्झच्या विजेसाठी बनवलेला असतो. आपल्याकडच्या ५० हर्ट्झवर त्याचा पंप सुमारे एक षष्ठांशाने हळू फिरतो, त्यामुळे पाणी गाळले जाण्याचा वेगही कमी होतो आणि फिल्टरचे रोजचे तास वाढवावे लागतात. टब गच्चीवर ठेवायचा विचार असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारावे. १२०० लिटर पाणी म्हणजेच १२०० किलो, शिवाय टबाचे आणि माणसांचे वजन वेगळे.

आता पाणी. टबात नेमके किती लिटर बसते हे आधी काढून ठेवावे, कारण पुढचे प्रत्येक माप त्यावर अवलंबून आहे. सोपा उपाय असा की भरायच्या पाइपने २० लिटरची बादली किती सेकंदांत भरते ते पाहावे आणि नंतर टब भरायला लागलेली मिनिटे मोजावीत. बादली ८० सेकंदांत भरली आणि टबाला ८० मिनिटे लागली, तर टब १२०० लिटरचा आहे. पुढची सगळी उदाहरणे मी याच आकारासाठी दिली आहेत. तुमच्या टबाप्रमाणे ती कमी-जास्त करून घ्यावीत.

जुना फिल्टर काढून टाकावा आणि नवा अजून बसवू नये, कारण या फेरीत निघणारी घाण त्यात अडकली तर तो वाया जाईल. फिल्टर बसतो त्या खळग्यातच पाइपचे तोंड सोडून पाणी भरावे. असे केल्याने नळीतली हवा पुढे ढकलली जाते आणि पंप हवा धरून बसत नाही. टब पूर्ण भरल्यावरच वीज सुरू करावी आणि पाणी ३५ अंशांच्या आसपास तापू द्यावे. नळ्या धुण्यासाठी खास मिळणारे द्रावण असेल तर ते डब्यावरील मापाने टाकावे आणि सगळे जेट उघडे ठेवून पंप अर्धा-अर्धा तास आलटून पालटून चालवावा. हवा सोडणारी बटणेही उघडावीत, कारण हवेच्या नळ्यांतही हाच थर असतो आणि तिकडे कोणाचे लक्ष जात नाही.

माझ्या दुसऱ्या प्रयत्नात पहिल्या वीस मिनिटांत काहीच घडले नाही आणि मला वाटले, आपण उगाच घाबरलो. मग कोपऱ्यातल्या एका जेटमधून भिजलेल्या टिश्यू पेपरसारखे करडे तुकडे बाहेर यायला लागले. तासाभरात पाण्यावर तपकिरी फेस जमला आणि शेवाळलेल्या हौदासारखा वास सुटला. हा फेस जुन्या टॉवेलने काठावरून पुसत राहावा आणि द्रावण रात्रभर तसेच ठेवावे.

सकाळी ते पाणी सोडून टब धुवावा, पुन्हा भरावा आणि आता जोरदार क्लोरीन द्यावे. १२०० लिटरला सुमारे ५० ग्रॅम एसडीआयसी, म्हणजे जलतरण तलावाच्या सामानाच्या दुकानात मिळणारी सोडियम डायक्लोरोआयसोसायन्युरेट ही दाणेदार पूड, टाकली की क्लोरीन वीस पीपीएमच्या (पीपीएम म्हणजे लिटरमागे मिलिग्रॅम) थोडे वर जाते. हे प्रमाण किमान दहा तास टिकले पाहिजे. मधेच ते खाली आले तर नळ्यांत अजून घाण आहे असे समजून पुन्हा पूड टाकावी. या काळात झाकण उघडे ठेवावे आणि पाण्यात कोणीही उतरू नये. तुकडे येणे थांबेपर्यंत ही फेरी करायची असते. मला तीन फेऱ्या लागल्या. पूर्वीच्या मालकाने क्लोरीनऐवजी बायग्वानाइड वर्गातले जंतुनाशक वापरले असेल तर ही धुलाई आणखी काटेकोर करावी, कारण क्लोरीनशी गाठ पडल्यावर त्याचा चिकट गाळ तयार होतो.

पाणी कोणते भरावे

पुण्यात हा प्रश्न पेठेगणिक आणि उपनगरागणिक बदलतो. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या धरणांतून येणारे महापालिकेचे पाणी तुलनेने मृदू असते आणि टबासाठी उत्तम. त्याला फक्त थोडे कॅल्शियम द्यावे लागते. भरण्याचा दिवस मात्र विचारपूर्वक निवडावा. गुरुवारी देखभालीसाठी पाणी बंद राहिले की शुक्रवारी ते ‘उशिरा व कमी दाबाने’ येते, हे वाक्य पुणेकरांना पाठ आहे, पण त्या पहिल्या पाण्याबरोबर जलवाहिनीतला गाळही येतो हे टब भरताना आठवत नाही. शनिवारी भरावे. जुलै-ऑगस्टमध्ये धरणात गढूळ पाणी येते तेव्हा पाइपला साधा गाळणी-फिल्टर लावावा. पाणीकपात चालू असेल तर टब भरूच नये. शेजारी बादल्या मोजत असताना आपण बाराशे लिटर पाण्यात पाय सोडून बसणे शोभत नाही.

बोअरवेलचे आणि टँकरचे पाणी ही वेगळी गोष्ट आहे. पुण्याखालचा खडक बेसाल्टचा आहे आणि त्यातून येणाऱ्या भूजलात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट बऱ्यापैकी असतात. हे पाणी गरम झाले की हीटरच्या कॉइलवर तोच पांढरा थर बसतो, जो आपण गीझरमध्ये पाहतो. टँकरचे पाणी आज एका विहिरीचे तर उद्या दुसऱ्या बोअरचे असते, त्यामुळे प्रत्येक वेळी ते नव्याने मोजावे. सोसायटीत सॉफ्टनर बसवला असेल तर त्यातून आलेले पाणी फार मृदू असते. त्यात फेस लवकर होतो आणि धातूचे भाग झिजतात. माझा अनुभव असा की सॉफ्टनरचे आणि बोअरचे पाणी मिसळून काठिण्य हव्या त्या पातळीवर आणणे हे रसायने ओतत बसण्यापेक्षा सोपे आणि स्वस्त पडते. आरओचे पाणी टबासाठी वापरू नये, आणि आरओमधून वाया जाणारे पाणी तर मुळीच नको, कारण त्यात सगळे क्षार एकवटलेले असतात.

एक सूचना इथेच देतो. आरओमुळे घरोघरी टीडीएस मीटर आला आहे आणि लोक त्यावरचा आकडा पाहून पाणी जड की हलके ते ठरवतात. टीडीएस म्हणजे विरघळलेल्या सर्व पदार्थांची बेरीज असते, त्यावरून कॅल्शियम किती आहे हे कळत नाही. काठिण्याची चाचणी वेगळी करावी लागते.

मोजणे

डोळ्यांनी, वासाने किंवा ‘अंगाला कसे लागते’ यावरून पाण्याची पारख होत नाही. माझ्या पुरळाचे पाणी आरशासारखे होते.

महापालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या पाण्यात क्लोरीन आहे का हे पाहण्यासाठी वापरतात ती ओटी चाचणी, म्हणजे थेंब टाकल्यावर पाणी पिवळे होते ती, अनेकांच्या ओळखीची असते. टबासाठी ती अपुरी आहे, कारण ती एकूण क्लोरीन दाखवते. आपल्याला मुक्त क्लोरीन, म्हणजे अजून काम करू शकणारे क्लोरीन, वेगळे कळायला हवे. त्यासाठी डीपीडी चाचणीचा संच घ्यावा, ज्यात पाणी गुलाबी होते. क्लोरीन फारच जास्त असेल तर डीपीडीचा गुलाबी रंग क्षणभर चमकून नाहीसा होतो आणि नवखा माणूस ‘क्लोरीन शून्य’ असे समजून आणखी पूड टाकतो. अशी शंका आली तर एक भाग टबाचे पाणी आणि चार भाग आरओचे पाणी मिसळून चाचणी करावी आणि येणाऱ्या आकड्याला पाचने गुणावे. चाचणीच्या पट्ट्या रोजच्यासाठी ठीक आहेत, पण पुण्याच्या पावसाळी दमटपणात उघड्या राहिलेल्या बाटलीतल्या पट्ट्या महिनाभरात काहीही सांगू लागतात. पाण्याचा नमुना पृष्ठभागावरून घेऊ नये. हात कोपरापर्यंत बुडवून, जेटपासून दूर घ्यावा.

लक्षात ठेवायचे आकडे असे: एकूण अल्कलिनिटी, म्हणजे सामू स्थिर ठेवण्याची पाण्याची ताकद, ८० ते १२० पीपीएम, सामू म्हणजे पीएच ७.२ ते ७.८, कॅल्शियमचे काठिण्य १५० ते २५० पीपीएम आणि मुक्त क्लोरीन ३ ते ५ पीपीएम. तुलनेसाठी सांगायचे तर पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, मुक्त क्लोरीन किमान ०.२ पीपीएम असावे असे म्हटले आहे. म्हणजे ‘नळाच्या पाण्यात क्लोरीन असतेच की’ या समजुतीवर टब चालत नाही.

पाणी बसवण्याचा क्रम

आधी अल्कलिनिटी, मग सामू, मग कॅल्शियम आणि शेवटी जंतुनाशक. हा क्रम मोडला की एक आकडा दुरुस्त करताना दुसरा बिघडतो आणि माणूस दिवसभर डबे उघडत बसतो.

अल्कलिनिटी कमी असेल तर खाण्याचा सोडा पुरेसा आहे. त्यासाठी ‘अल्कलिनिटी वाढवणारे’ म्हणून विकला जाणारा महागडा डबा घेण्याची गरज नाही, कारण त्यातही बहुधा हाच सोडा असतो. १२०० लिटरमध्ये १० पीपीएम वाढवायला साधारण २० ग्रॅम सोडा लागतो. धुण्याचा सोडा मात्र वापरू नये, त्याने सामू एकदम वर उडतो. स्वयंपाकघरातला ग्रॅमचा काटा यासाठी उपयोगी आहे, पण तो परत स्वयंपाकघरात नेऊ नये. असा काटा रविवार पेठेत, बोहरी आळीच्या परिसरात, स्वस्तात मिळतो.

बोअरच्या पाण्याची अडचण उलटी असते. त्यात अल्कलिनिटी आधीच जास्त असते आणि जेट चालू झाले की पाण्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जाऊन सामू पुनःपुन्हा वर चढतो. अशा वेळी ड्राय ॲसिड, म्हणजे सोडियम बायसल्फेट, थोडे थोडे टाकून सामू ७.२ च्या जवळ आणावा, मग हवा सोडून जेट चालवावेत. सामू आपोआप चढतो, अल्कलिनिटी मात्र खालीच राहते. ही फेरी दोन-तीन वेळा केली की पाणी स्थिर होते. फरशी धुण्याचे बाजारू ॲसिड यासाठी वापरू नये. त्याची तीव्रता निश्चित नसते आणि वाफा हीटरच्या धातूला व आपल्या घशाला सारख्याच त्रासदायक असतात.

कॅल्शियम कमी असेल तर कॅल्शियम क्लोराइड बादलीभर पाण्यात विरघळवून टाकावे. १० पीपीएमला साधारण १८ ग्रॅम लागते. सोडा आणि कॅल्शियम यांच्यात काही तासांचे अंतर ठेवावे, नाहीतर दोन्ही मिळून टबात खडूचे पाणी तयार होते.

जंतुनाशक कोणते

दुकानदार बहुधा तीन वस्तू पुढे ठेवतो. गोल पांढऱ्या गोळ्या ट्रायक्लोरच्या असतात. त्या मोठ्या तलावासाठी आहेत, त्यांचे द्रावण फार आम्लधर्मी असते आणि टबात तरंगत ठेवली गोळी तळाला जाऊन बसली की टबाच्या ॲक्रिलिकच्या पृष्ठभागावर कायमचा डाग पडतो. दुसरी टीसीएल पावडर, म्हणजे ब्लिचिंग पावडर. गावाकडच्या विहिरीसाठी ती योग्य असली तरी तिच्यातला चुना विरघळत नाही, फिल्टर भरून जातो आणि सामू वाढतो. तिसरी एसडीआयसी ही पूड लवकर विरघळते, सामू फारसा हलवत नाही आणि सुरुवात तिनेच करावी.

तिचाही एक दोष आहे. दर १० पीपीएम क्लोरीनमागे ती सुमारे ९ पीपीएम सायन्युरिक ॲसिड पाण्यात सोडते आणि ते कुठेच जात नाही. त्याचे प्रमाण वाढत गेले की चाचणीत क्लोरीन दिसते, पण जंतू मारण्याचा त्याचा वेग मंदावतो. म्हणून मी १२०० लिटरला एकूण ७० ग्रॅम एसडीआयसी झाली की थांबतो आणि पुढे साधे सोडियम हायपोक्लोराइट वापरतो, ज्यात सुगंध किंवा साबण मिसळलेला नाही असे. १० टक्के तीव्रतेचे १२ मिलिलिटर टाकले की १ पीपीएम वाढते. हे द्रव उन्हात आणि उष्णतेत लवकर मरते, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये महिनाभर कोठीत पडलेल्या कॅनवर भरवसा ठेवू नये. टाकून मोजावे.

एक माणूस अर्धा तास बसला की ८ ते ९ ग्रॅम एसडीआयसीइतके क्लोरीन खर्च होते, असा ढोबळ हिशेब धरावा आणि तेवढे बसून झाल्यावर लगेच टाकावे. दुसऱ्या दिवशी सकाळी टाकले तर रात्रभर जंतूंना मोकळे रान मिळते.

रसायने हाताळताना काही गोष्टींवर तडजोड नाही. रसायन नेहमी पाण्यात टाकावे, रसायनाच्या डब्यात पाणी ओतू नये. ॲसिड आणि क्लोरीन एकाच फडताळात ठेवू नयेत, कारण दोन्ही एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू सुटतो. एसडीआयसी आणि ब्लिचिंग पावडर यांना एकच चमचा वापरू नये, कारण त्यांच्या कोरड्या मिश्रणाने आग लागू शकते. आणि जुन्या सवयीने पाण्यात तुरटी फिरवू नये. हंड्यातला गाळ तळाला बसतो, टबातला फिल्टरमध्ये जाऊन बसतो.

तेल

आपल्याकडच्या टबाचा खरा शत्रू खोबरेल तेल आहे, असे माझे मत झाले आहे. दिवाळीत भाचेमंडळी आली होती. नरक चतुर्दशीचे अभ्यंगस्नान झाले, उटणे लावून झाले आणि ‘आता मामाच्या टबात’ म्हणून पाच जण तसेच उतरले. पंधरा मिनिटांत जेटभोवती डाळीच्या फेसासारखा फेस आला, काठावर बोटभर रुंद पिवळट कडा उमटली आणि संध्याकाळी क्लोरीन मोजले तर शून्य. तेल, उटणे, त्वचेची मलमे आणि कपड्यांत राहिलेला धुण्याचा साबण या सगळ्यांवर क्लोरीन आधी खर्च होते, जंतूंची पाळी नंतर येते. उतरण्यापूर्वी साबण लावून आंघोळ, केस धुतलेले किंवा वर बांधलेले आणि पोहण्याचे कपडे नुसत्या पाण्यात खळबळलेले, हा नियम पाहुण्यांनाही सांगावा. मोठी माणसे सहज ऐकत नाहीत. मी टबाशेजारी बादली आणि तांब्या ठेवला आहे. तो पाहिला की पाय धुण्याची सवय आपोआप जागी होते. रंगपंचमीला झाकणाला कुलूप लावावे, त्या रंगावर उपाय नाही.

फिल्टर

जुन्या टबाबरोबर आलेला फिल्टर फेकून नवा घ्यावा. यात काटकसर करू नये. नव्या फिल्टरच्या घड्या आठवड्यातून एकदा पाइपच्या पाण्याने वरून खाली धुवाव्यात. प्रेशर वॉशरने घड्यांचे कापड फाटते. महिन्यातून एकदा तो तेलकटपणा काढणाऱ्या द्रावणात रात्रभर भिजवावा. बोअरच्या पाण्यामुळे क्षार बसले असतील तर सौम्य ॲसिडमध्ये ठेवता येतो, पण आधी तेलकटपणा काढूनच. तेल असताना ॲसिड लागले तर ते घड्यांत पक्के बसते. दोन फिल्टर आलटून पालटून वापरले की एक पूर्ण वाळतो आणि दोन्ही जास्त टिकतात. वर्ष-दीड वर्षाने बदलावेत.

आठवड्याचा क्रम आणि ऋतू

वापर असो वा नसो, एक दिवसाआड मुक्त क्लोरीन आणि सामू पाहावा आणि बसण्यापूर्वी तर पाहावाच. आठवड्यातून एकदा अल्कलिनिटी मोजावी, फिल्टर धुवावा, पाण्याच्या पातळीवरची कडा मऊ फडक्याने पुसावी आणि क्लोरीन १० पीपीएमपर्यंत नेऊन झाकण उघडे ठेवून जेट अर्धा तास चालवावेत. ते पुन्हा ५ च्या खाली आल्यावरच पाण्यात उतरावे. पाण्याला क्लोरीनचा उग्र वास येत असेल तर लोक क्लोरीन जास्त झाले असे समजतात. वस्तुतः तो वास घामाशी व लघवीशी संयोग पावलेल्या, थकलेल्या क्लोरीनचा असतो आणि त्यावर उपाय म्हणजे हाच जोरदार डोस.

एप्रिल-मेमध्ये दुपारी उन्हात असलेल्या टबाचे पाणी हीटर बंद असूनही ४० अंशांच्या वर जाऊ शकते, कारण पंपाची उष्णताही त्यातच मुरते. फिल्टरचे तास पहाटे लावावेत आणि वर सावली करावी. पावसाळ्यात झाकणाखाली पाणी शिरले की अल्कलिनिटी हळूहळू घसरते. झाकण उचलायला दोन माणसे लागत असतील तर त्यातला फोम पाणी प्यायला आहे आणि ते बदलण्याची वेळ झाली आहे.

पाणी बिघडले तर

गढूळ दिसले तर आधी क्लोरीन, मग फिल्टर आणि मग सामू पाहावा, याच क्रमाने. बहुतेक वेळा पहिल्यातच उत्तर मिळते. फेसावर फेसनाशक टाकून तो तासभर दबतो, पण तेल जिथल्या तिथे राहते. पांढरे कडक कण हे हीटरवरून सुटलेले क्षार असतात आणि सामू फार वर राहिल्याची ती खूण आहे. मऊ करडे तुकडे पुन्हा दिसले तर मात्र स्वतःची समजूत घालू नये. नळ्यांची धुलाई अपुरी राहिली आहे, पहिल्या पायरीवर परत जावे. बोअरच्या पाण्यात क्लोरीन टाकताच ते तांबूस किंवा हिरवट झाले तर त्यात लोहासारखा धातू आहे. पुढच्या वेळी पाण्याचा स्रोत बदलावा.

पाणी बदलणे

टबाचे लिटर भागिले रोज बसणाऱ्या माणसांची सरासरी, आणि त्याला पुन्हा भागिले साडेअकरा, इतक्या दिवसांनी पाणी बदलावे. १२०० लिटरमध्ये रोज दोघे बसत असतील तर सुमारे ५२ दिवस. वापर कमी असला तरी चार महिन्यांच्या पुढे जाऊ नये. जुन्या टबाच्या बाबतीत माझा आग्रह असा की धुलाईनंतर बसण्यासाठी भरलेले पहिले पाणी, आकडे उत्तम असले तरी, महिन्याभरात बदलावे आणि बदलण्याच्या आदल्या रात्री नळ्या पुन्हा एकदा द्रावणाने धुवाव्यात.

नळ्या धुतलेले पाणी ड्रेनेजमध्येच सोडावे, पावसाळी गटारात नव्हे, कारण ती गटारे ओढ्या-नाल्यांतून मुळा-मुठेत उतरतात. एरवीचे पाणी झाकण उघडे ठेवून दोन-तीन दिवस उन्हात राहिले आणि चाचणीत क्लोरीन शून्य दाखवू लागले की अंगण धुवायला चांगले. झाडांना ते रोज घालू नये, त्यात मीठ साचलेले असते.

नवे पाणी २५ अंशांवरून ३८ वर न्यायला १२०० लिटरमागे सुमारे १८ युनिट वीज लागते, म्हणजे तीन किलोवॅटच्या हीटरला सहा तास, झाकण लावलेले असताना. गच्चीवर सोलर असेल तर त्यातले ६० अंशांचे २०० लिटर पाणी मिसळल्यास हीटरचे जवळपास आठ युनिट वाचतात. मात्र ते आधी टबात पडलेल्या थंड पाण्यात सोडावे, कोरड्या ॲक्रिलिकवर नाही. आणि पाणी सोडण्यापूर्वी एमसीबी खाली पाडलेला आहे, हे स्वतःच्या हाताने पाहावे. टब रिकामा होत असताना हीटर चालू राहिला तर कॉइल काही मिनिटांत जळते, आणि जुन्या टबाची कॉइल पुण्यात शोधायला माझे अडीच महिने गेले.